तिसरा एसएमपीएस घेण्याआधी

अगं, वर्षभरात दुसरा एसएमपीएस उडाला आणि दुकानदार म्हणतो, "माल खराब लागला, नवीन लावून देतो." लावेल की, त्याचं काय जातंय! तू मात्र जरा थांब. लागोपाठ दोन जातात तेव्हा मला आधी भिंतीतल्या सॉकेटचा संशय येतो.

एक सांग, अनवाणी असताना कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतं का? होत असेल तर अर्थिंग गेलंय असं समज. एसएमपीएसच्या तोंडाशीच दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेला. त्यांच्यातून झिरपणारा जरासा करंट अर्थच्या वायरने जमिनीत जातो. ती वायरच तुटलेली असेल तर पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट येऊन बसतात. तेवढ्याने एसएमपीएस जळत नाही, पण स्पाइक गार्डही अशा घरात अर्धाच उपयोगाचा.

खरा घातकी असतो तो सैल न्यूट्रल. दिवे मधूनच लखलखतात, पंखा आपोआप जोरात फिरतो, असं घरात होतं का बघ. बाहेर थ्री-फेज लाइनचा न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी घरात ४०० पर्यंत व्होल्ट येऊ शकतात. मग कितीही महागाचा एसएमपीएस घे, टिकणार नाही.

म्हणून चांगला वायरमन बोलव आणि त्याला टेस्टरवर भागवू देऊ नकोस, मल्टिमीटर लावायला सांग. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत यायला हवं. अगदी शून्य आलं तरी सॉकेट उघडून बघायला लाव. काही जण आत न्यूट्रल आणि अर्थ एकाच तुकड्याने जोडून मोकळे होतात. तशात न्यूट्रल तुटला तर अख्खं कॅबिनेट लाइव्ह होतं गं! सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालतात का, तेही विचार.

भिंत निर्दोष निघाली तरच मशीनकडे वळ. धुळीने जाम झालेला पंखा तर बघच, पण एसएमपीएसचं लेबलही वाच. खोक्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॉट असतं आणि लेबलवर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. गुणाकार कर, २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः त्यावरच चालतात, त्यामुळे वापरात कार्ड असेल तर हा आकडा बघूनच घे.

आणि जळालेला डबा उत्सुकतेपोटी उघडू नकोस, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात. वायरमनला आजच फोन कर, आणि तो येऊन जाईपर्यंत कॉम्प्युटरचा प्लग सॉकेटमधून काढूनच ठेव.