कायोटी : प्राणी, कथा आणि शब्द



इंग्रजी गोष्टीत किंवा कार्टूनमध्ये कायोटी दिसला की मुलं विचारतात, "हा कोल्हा की लांडगा?" 'कोल्हाच समज' असं सांगून वेळ निभावते. पण नावासोबत त्याचा प्रदेश आणि तिथली माणसंही हरवतात. म्हणून हा छोटा पाठ.

प्राणी : कायोटी कुत्र्याच्या कुळातला, उत्तर आणि मध्य अमेरिकेतला. शास्त्रीय नाव कॅनिस लॅट्रान्स, म्हणजे 'भुंकणारा कुत्रा'. थॉमस से यांनी ते १८२३ मध्ये दिलं. वजन साधारण ७ ते २० किलो. लांडग्याहून लहान नि सडपातळ. उंदीर, ससे, फळं, किडे, मेलेलं जनावर, जे मिळेल ते खातो. गुरं-मेंढ्यांसाठी माणसांनी लांडगे जवळजवळ संपवले, कायोटीही लाखोंनी मारले. लांडगा हटला, कायोटी मात्र पसरला! आज तो अलास्कापासून पनामापर्यंत आहे, शिकागोसारख्या शहरातसुद्धा. आपला कोल्हा त्याचा नातलग, पण जात वेगळी.

कथा : नावाहो लोकांच्या एका कथेत काळा देव आकाशात एकेक तारा नीट मांडत असतो. कायोटीला धीर धरवत नाही. तो उरलेले तारे सरळ उधळून देतो. म्हणून थोड्याच ताऱ्यांच्या आकृती दिसतात, बाकीचे विखुरलेले! पश्चिमेकडच्या काही जमातींत हाच कायोटी माणसांसाठी आग चोरून आणतो. नावाहोंमध्ये त्याच्या कथा फक्त हिवाळ्यात सांगायच्या असा नियम आहे. हेही मुलांना सांगा. या जिवंत समाजाच्या कथा आहेत, नुसती करमणूक नाही.

शब्द : मूळ शब्द मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतला, 'कोयोत्ल'. स्पॅनिशमध्ये 'कोयोते' झाला, तिथून इंग्रजीत गेला. टोमॅटो हा शब्दही नाहुआत्लमधून स्पॅनिशमार्गेच आला. मेक्सिको शहरातल्या 'कोयोआकान' भागाच्या नावातही हाच प्राणी आहे. आज सीमेवरून पैसे घेऊन माणसं चोरून नेणाऱ्यालाही तिथे 'कोयोते' म्हणतात.

वर्गात काय कराल? नकाशावर त्याचा प्रदेश रंगवून घ्या. मग विचारा : आपल्या गोष्टींतला कोल्हा बहुधा लबाडच असतो; कायोटी गोंधळही घालतो आणि आगही आणून देतो. मग तो चांगला की वाईट? उत्तर तुम्ही देऊ नका. मुलांना भांडू द्या. माणसाला एकच शिक्का मारता येत नाही, हे ती त्यातूनच शिकतील.