बिल्व : अंगणातील लागवड आणि आम फलाचा संग्रह

प्रास्ताविक

बिल्व हे द्रव्य जाणत नाही असा वैद्य नाही. दशमुळातील बृहत्पंचमुळाचा आरंभच बिल्वापासून होतो. चरकाचार्यांनी अर्शोघ्न, शोथहर, आस्थापनोपग व अनुवासनोपग या महाकषायांत त्याची गणना केली असून अग्र्यसंग्रहात सांग्राहिक, दीपनीय व वातकफप्रशमन द्रव्यांमध्ये बिल्वास श्रेष्ठ मानले आहे. असे असूनही आपल्या चिकित्सालयात वापरले जाणारे बेलफळ कोणत्या झाडाचे, कोणत्या महिन्यात उतरविलेले आणि कोणत्या अवस्थेतील आहे, हे आपणांपैकी फारच थोड्यांना सांगता येईल. बिल्वाच्या बाबतीत तर सारे कार्य फळाच्या अवस्थेवरच अवलंबून आहे. म्हणून ज्यांच्याकडे थोडीशी मोकळी जमीन आहे त्यांनी बेलाचे एक तरी झाड स्वतः वाढवावे आणि त्याच्या आम फलाचा संग्रह स्वतः करावा, असे आमचे मत आहे. त्यासाठी आवश्यक ती माहिती प्रस्तुत लेखात देत आहोत.

अवस्थाभेदाने गुणभेद

फळ परिपक्व असता अधिक गुणवान, हा सामान्य नियम. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात अन्नपानविधीच्या अध्यायात हा नियम सांगताना बिल्वाचा मात्र स्पष्ट अपवाद केला आहे. बिल्व आम असतानाच गुणोत्तर होय. चरकाचार्यांच्या मते पक्व बिल्व दुर्जर, दोषल व पूतिमारुत उत्पन्न करणारे, तर बाल बिल्व उष्ण, तीक्ष्ण, दीपन व कफवातजित् आहे. पक्व फळात मधुर रस व गुरु गुण वाढतात आणि ज्या ग्राही-दीपन कर्मासाठी आपण बिल्व योजतो ते मागे पडते.

व्यवहारात याच्या उलट घडताना दिसते. उन्हाळ्यात अतिसाराचा किंवा जुन्या ग्रहणीचा रुग्ण ‘बेल पोटाला चांगला’ असे ऐकून पिकलेल्या फळाचे गोड सरबत दोन-दोन वेळा घेतो. पोट फुगते, दुर्गंधी वायू सरतो, भूक मंदावते आणि दोष औषधाच्या माथी येतो. अग्नी चांगला असलेल्या निरोगी व्यक्तीने उन्हाळ्यात क्वचित असे सरबत घेणे ही गोष्ट निराळी. मंदाग्नीच्या रुग्णास ते औषध म्हणून देणे ही गोष्ट निराळी. हा भेद रुग्णास समजावून सांगणे हे आपले काम आहे. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या पहिल्या भागातील पहिल्या खंडातही बिल्व म्हणून कच्च्या किंवा अर्धपक्व फळाचा गरच ग्राह्य धरला असून चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम दिली आहे.

बाजारातील बेलफळ

काष्ठौषधींच्या दुकानात ‘बेलगिरी’ या नावाने वाळलेले तुकडे मिळतात. त्यांत तीन प्रकारचे दोष संभवतात. पहिला दोष अवस्थेचा : झाडाखाली पडलेली पक्व फळे फोडून वाळविलेली असतात. असा तुकडा गडद, चिकट व गोडसर लागतो. आम फळाचा तुकडा कठीण, फिकट व तुरट असतो. दुसरा दोष साठवणुकीचा : ओलसर राहिलेला गर बुरशी व किडींना फार लवकर बळी पडतो. तिसरा दोष भेसळीचा : कवठाचा गर आणि मँगोस्टीन या फळाची वाळलेली साल बेलाऐवजी मिसळली जाते, अशी नोंद द्रव्यपरीक्षणाच्या ग्रंथांतून आढळते.

ओळख अवघड नाही. बेलफळाचा आडवा छेद घेतल्यास मध्याभोवती वर्तुळाकार मांडलेले दहा-पंधरा कप्पे दिसतात. प्रत्येकात पारदर्शक डिंकासारख्या चिकट द्रवात लवदार, चपट्या बिया असतात. कवठाच्या फळात असे कप्पे नसतात. बिया गरात विखुरलेल्या असतात, गर आंबट असतो व कवच खरखरीत, पांढुरके असते. बेलाचे कवच मात्र गुळगुळीत असते. मँगोस्टीनच्या सालीचे तुकडे तांबूस-तपकिरी असून त्यांना बिया वा डिंक चिकटलेला नसतो. झाडे ओळखताना बेलाचे त्रिदल पान पुरेसे आहे. कवठाच्या पानात पाच ते सात पर्णिका समोरासमोर असतात. औषधनिर्मात्यांनी खरेदी करताना चूर्ण न घेता शक्य तो अखंड चकत्याच घ्याव्यात. चूर्णात या खुणा उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत.

जागेची निवड

१९०० साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपला आश्रम पुण्यातून हिंगण्यास नेला, त्या काळी हे गाव शहराबाहेरचे होते. आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कर्वेनगरात मोकळी जमीन म्हणजे बंगल्याचे अंगण अथवा सोसायटीच्या कुंपणालगतची पट्टी एवढीच उरली आहे. अशा जागी झाड लावताना पुढील बाबींचा विचार करावा.

बेल हा ८ ते १० मीटरपर्यंत वाढणारा, खोल मुळांचा, काटेरी पानझडी वृक्ष आहे. इमारतीची भिंत, जमिनीखालील पाण्याची टाकी व सांडपाण्याची वाहिनी यांपासून त्यास किमान चार-पाच मीटर दूर ठेवावे. पूर्ण ऊन हवे. जमीन हलकी, मुरमाड किंवा किंचित खारवट असली तरी चालते. पाणी साचून राहणे मात्र चालत नाही. बांधकामानंतर अंगणात बहुधा राडारोडा भरलेला असतो. तो खड्ड्यापुरता तरी पूर्ण काढून टाकावा. गच्चीवर मोठ्या पिंपात बेल जगतो आणि पत्रांचा लाभ देतो, परंतु फळांची अपेक्षा तेथे धरू नये.

आणखी एक बाब. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये खासगी आवारातील झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. यासाठी जागा आधी पक्की करावी, मगच खड्डा घ्यावा.

रोप व लागवड

बियांपासून केलेल्या झाडास फळे येण्यास सात-आठ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि फळांचे गुण मातृवृक्षासारखेच उतरतील याची खात्री नसते. डोळा भरून केलेले कलम चार-पाच वर्षांत फळते. लहान अंगणासाठी ठेंगण्या जाती पाहाव्यात. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाची ‘पंत अपर्णा’ आणि गुजरातमधील गोध्रा येथील केंद्रीय उद्यान प्रयोग केंद्राची ‘गोमा यशी’ या दोन्ही जाती आटोपशीर वाढणाऱ्या व अल्पकंटक आहेत. गणेशखिंड येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्रात, तसेच शासकीय रोपवाटिकांत कलमांविषयी चौकशी करावी.

ज्यांना बियांपासूनच रोप करावयाचे असेल त्यांनी पक्व फळातील बिया राखेने चोळून चिकटा काढून, धुऊन, लगेच पेराव्यात. बेलाच्या बियांची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही. जुन्या झाडाच्या मुळांवर फुटलेले धुमारेही पावसाळ्यात मुळासकट वेगळे करून लावता येतात.

उन्हाळ्यात ९० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद व खोल खड्डा घेऊन तो तापू द्यावा. मृगाच्या पावसानंतर पोयट्याची माती व चांगले कुजलेले शेणखत यांनी भरून घ्यावा आणि माती खाली बसल्यावर रोप लावावे. कलमाचा सांधा जमिनीच्या वर राहील व सांध्याखाली येणारी फूट वेळीच काढली जाईल, याकडे लक्ष द्यावे. अन्यथा खुंटाचे झाड वाढते व कलम मरते. पहिली दोन-तीन वर्षे हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी व उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी द्यावे. पुढे हे झाड पाण्याविना बराच काळ तग धरते. पहिल्या वर्षी सुमारे १० किलो शेणखत द्यावे व वयानुसार ते वाढवीत न्यावे.

निगा

लिंबावरील फुलपाखराच्या अळ्या बेलाची कोवळी पालवी फस्त करतात. प्रारंभी त्या पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या व नंतर हिरव्या दिसतात. घरगुती झाडावरील अळ्या हाताने वेचणे सर्वांत उत्तम; प्रादुर्भाव अधिक असल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. ज्या झाडाचे फळ औषधात जाणार, त्यावर रासायनिक कीटकनाशक वापरू नये.

दुसरा उपद्रव माणसांचा आहे. श्रावणात व महाशिवरात्रीस बेलपत्रांसाठी फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. श्रावणात झाडावर कोवळी फळे असतात आणि त्यांचे पोषण पानांवरच होत असते. पत्रे अवश्य द्यावीत, पण कात्रीने व सर्व बाजूंनी थोडी थोडी काढून द्यावीत.

संग्रहकाल व शुष्कीकरण

चैत्राच्या सुमारास बेलाची पाने गळतात आणि वैशाख-ज्येष्ठात नव्या पालवीबरोबर सुगंधी, हिरवट-पांढरी फुले येतात. तेव्हापासून फळ पक्व होण्यास सुमारे १० ते ११ महिने लागतात. म्हणजे मार्गशीर्ष-पौषात झाडावर जी फळे असतात ती बरीच भरलेली, परंतु गर्द हिरवी, कठीण व गंधहीन असतात. औषधी संग्रहास हाच काल योग्य. फाल्गुनानंतर कवचावर पिवळसर झाक येऊ लागली की ते फळ आम राहिले नाही असे समजावे.

फळ देठासह कापून उतरवावे. ते जमिनीवर पडून कवचास चीर गेल्यास त्यातून बुरशी आत शिरते. फळ धुऊन, करवतीने अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या कराव्यात. कवच काढून चकत्या स्वच्छ कापडावर, हवेशीर सावलीत पसराव्यात व दररोज उलटाव्यात. चकती वाकविता कटकन मोडली पाहिजे. लवली तर ती अजून ओली आहे. नंतर हवाबंद बरणीत भरून बरणीवर झाडाचे ठिकाण, उतरविल्याची तारीख व फळाची अवस्था लिहावी. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर बरणी उघडून तपासावी. चूर्ण लागेल तेवढेच, वेळोवेळी करावे.

मूळाचा प्रश्न

फळ दरवर्षी मिळते. मूळ मात्र एकदाच मिळते. दशमुळात बिल्वाचे मूळ अभिप्रेत आहे आणि मूळ काढणे म्हणजे बहुधा झाड संपविणे. दशमूलारिष्टापासून दशमूल क्वाथापर्यंतची मागणी ध्यानात घेता अंगणातील झाडे या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. तरीही एक मार्ग हाताशी आहे. जुने बंगले पाडून नव्या इमारती उभ्या राहत असताना रीतसर परवानगीने काही बेलवृक्ष तोडले जातात आणि त्यांची मुळे राडारोड्याबरोबर वाहून नेली जातात. आपल्या परिसरात असे झाड जाणार असल्याचे कळल्यास मालकास भेटून मूळ मागून घ्यावे, स्वच्छ करून, तुकडे करून वाळवावे आणि वनस्पतीची ओळख पटवून नोंदीसह औषधनिर्मात्यास द्यावे. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात जी झाडे लावावयाची असतात त्यांत बिल्वाचा आग्रह धरावा.

उपसंहार

एका झाडाची फळे एखाद्या औषधनिर्माणशाळेची गरज भागविणार नाहीत. परंतु एका वैद्याच्या ग्रहणीच्या रुग्णांची वर्षाची गरज त्यांतून बऱ्याच अंशी भागू शकते. त्याहून मोठा लाभ असा की, ज्याने स्वतः पौषात हिरवे फळ उतरवून चकत्या वाळविल्या आहेत, त्याला बाजारातील तुकडा हातात घेताच पारखता येतो. द्रव्याच्या संपत्ती अशा सांगताना शास्त्राने जे अपेक्षिले आहे ते याच मार्गाने साध्य होते. येत्या मृगात ज्यांच्या अंगणात जागा आहे त्यांनी खड्डा घ्यावा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आपल्या सोसायटीत किंवा शेजारच्या देवळाच्या आवारात आधीच असलेला बेल शोधून, मालकाच्या संमतीने, पौषात त्याची चार फळे तरी स्वतः उतरवून पाहावीत, अशी समस्त वैद्यबंधुभगिनींस व औषधनिर्मात्यांस आमची विनंती आहे.