पाठ : वाचनालयाची पायरी



आपल्या गटातल्या एका ताईची मुलगी कुबड्या घेऊन चालते. वाचायची तिला लई आवड. पण गावच्या वाचनालयाच्या तीन पायऱ्यांपाशी ती थांबते. भाऊ आत जातो आणि हाताला लागेल ते पुस्तक घेऊन येतो. स्वतः कपाटासमोर उभं राहून पुस्तक निवडणं तिला आजवर जमलेलं नाही. वाचनालय सार्वजनिक, मग ते तिचं का नाही?

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. सार्वजनिक इमारतीत दिव्यांगांना जाता-येता आलं पाहिजे, असं तो सांगतो. नियम 2017 मध्ये आले. जुन्या इमारती सुधारायला 5 वर्षं दिली होती. ती कधीच संपली. म्हणजे आपण उपकार मागत नाही, हक्क मागतो.

काय करता येईल?

1. उतार : पायऱ्यांची उंची 1 फूट असेल, तर उतार 12 फूट लांब हवा. आखूड केला तर चढ होतो, चाकाची खुर्ची मागं घसरते. बाजूला धरायला कठडा हवा. दार 3 फूट रुंद असावं.

2. मांडणी : रोजची वर्तमानपत्रं, मासिकं बसल्या जागी हाताला येतील अशी ठेवावीत. कपाटांमधून खुर्ची फिरेल एवढी वाट सोडावी.

3. ऐकायची पुस्तकं : ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही, त्यांच्यासाठी 2016 पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. नाव नोंदवायला वाचनालयानं मदत करावी.

4. आपला आवाज : दिव्यांग व्यक्तीसाठी, नफा न घेता, पुस्तक वाचून मोबाईलमध्ये भरून देता येतं. कॉपीराइट कायद्यात 2012 साली तशी सवलत आली. वाचता येणाऱ्या बाईला हे घरबसल्या जमेल.

पैसा कुठला?

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारा. उताराची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि हे फक्त दुसऱ्यांसाठी नाही. उद्या आपले गुडघे दुखतील, नजर अधू होईल, तेव्हा तोच उतार आपल्याही कामाला येईल.

बैठकीत बोलूया :
• आपल्या वाचनालयाला किती पायऱ्या आहेत? मोजून या.
• गावातलं कोण तिथं जाऊ शकत नाही? त्यांनाच विचारा, काय हवं ते.
• ग्रामसभेत हा विषय कोण मांडणार?