चौथ्या सीटवरचे कानमंत्र

पोरी, बदलापूरला घर घेतलंत हे छानच झालं. पण आता तुझ्या दिवसातले तीन-साडेतीन तास रेल्वेचे झाले, हे एकदा मान्य करून टाक. ते परत मिळायचे नाहीत. 'वेळ मिळाला की व्यायाम सुरू करीन, वेळ मिळाला की नीट जेवेन' हे बोलणं आजपासून बंद. आमच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर कसंबसं टेकून बसणाऱ्या थोरल्या बायकांनी मला नोकरीच्या सुरुवातीलाच जे सांगितलं, तेच तुला सांगते: खाण्यापिण्याचा निर्णय घाईच्या वेळी घ्यायचाच नाही. तो आदल्या रात्री, नाहीतर रविवारी, पोट भरलेलं आणि डोकं शांत असताना घेऊन ठेवायचा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला माणूस हाताला लागेल ते खातो. हाताला काय लागावं, तेवढं मात्र आधी ठरवता येतं.

संध्याकाळच्या भुकेपासून सुरुवात करते, कारण सगळा घोटाळा तिथे होतो. दुपारी एकला जेवलीस, साडेसहाला ऑफिसमधून निघालीस, गाडी पकडून घरी पोचायला साडेआठ-नऊ. मधल्या आठ तासांत पोटात दोन चहा आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. मग प्लॅटफॉर्मवर वड्याचा वास आला की पाय आपोआप वळणारच. वडापावशी माझं वैर नाही. महिन्यातून दोनदा मैत्रिणींबरोबर हसत-खिदळत खा. रोज भुकेने कासावीस होऊन खातेस, त्याला मजा म्हणत नाहीत. आणि इतकं करून घरी पोचल्यावर जेवण राहतंच. मग दहा वाजता पोटभर भात खाऊन अकराला आडवं व्हायचं.

यावर उपाय अगदी साधा आहे. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे यांचा डबा कायमचा ठेव. निघायच्या अर्धा तास आधी मूठभर खायचे, बरोबर एखादं केळं किंवा पेरू. भूक लागो न लागो, खायचंच. वजन कमी करायला कमी खा, असं तुला सगळे सांगतील. मी सांगते, सहा वाजता खा. रात्रीचं जेवण आपोआप निम्म्यावर येतं आणि मुगाच्या खिचडीवर नाहीतर कुळथाच्या पिठल्यावर भागतं. डबा रिकामा झाला की त्याच दिवशी भरायचा. 'उद्या आणू' म्हटलंस की परत वडा.

सकाळच्या डब्याचं गणित रविवारी सोडवायचं. भाजणी घरात असली की अर्धी लढाई जिंकलीस. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, थोडे गहू, धणे-जिरे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण सगळ्यांना लागणारा वेळ सारखा नाही. एकदा दळून आणली की महिनाभर चिंता नाही. तिच्यात किसलेला दुधी, कांदा, मेथी, जे असेल ते घाल. थालीपीठ थापून मध्ये भोक पाडलं की चमचाभर तेलात होतं. नाचणीचं पीठही ठेव. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या दुपटीहून जास्त. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून मॉलमध्ये नाचणीची बिस्किटं चकचकीत पाकिटात दिसायला लागली. ती घेऊ नकोस. मागची बारीक अक्षरं वाचलीस तर मैदा आणि साखर आधी दिसते, नाचणी बरीच खाली. आपली आंबील बरी.

कडधान्यांचं तंत्र असं: रविवारी रात्री मूग, बुधवारी रात्री मटकी भिजत घालायची. आपल्या दमट हवेत मोड यायला वेळ लागत नाही. फडक्यात बांधून ठेवायचं, मोड आले की फ्रीजमध्ये. उसळ, धिरडं, नुसतं वाफवून लिंबू पिळून, कसंही खा. लिंबू मात्र विसरू नकोस. त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. चहा त्याच्या नेमका उलटा. जेवणावर लगेच चहा घेतलास की त्यातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेव. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्ताने कमी निघाल्या, आणि पाहणीतल्या सगळ्याच काही उपाशी राहणाऱ्या नव्हत्या. 'दगदगीने थकते गं' असं तू म्हणतेस ना, आधी हिमोग्लोबिन बघ, मग दगदगीला नावं ठेव.

चहाचा विषय निघालाच आहे तर साखरेचा हिशेब करून टाकू. एका कपात दोन चमचे, चमच्याला पाच ग्रॅम धर. दिवसाला चार कप म्हणजे चाळीस ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहावी, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. म्हणजे बिस्किट, केक, सणाची पुरणपोळी यांच्या आधीच तुझा कोटा संपून वर उधारी झाली. चहा सोडू नकोस, सोडवणार नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी कर. महिन्याभरात जिभेला कळतही नाही. ऑफिसातला मशीनचा चहा आधीच गोड येतो, त्याला मात्र इलाज नाही. तो दिवसातून एकच.

तेल बाटलीतून कढईत ओतायचं नाही. महिन्याच्या एक तारखेला माणशी सहाशे मिलिलिटर, म्हणजे रोजचे चार छोटे चमचे, असं दोघांचं तेल एका बरणीत काढून ठेव. वीस तारखेला बरणी तळाला गेली तर कुठे जास्त पडतंय ते तुझं तुलाच कळेल. मिठाचं तसं दिसत नाही. सगळं मिळून दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा.  भाजीतल्या मिठाखेरीज ते पापड, लोणचं, फरसाण आणि रात्री अकराला करून खाता त्या दोन मिनिटांच्या नूडल्समधून येतं. मला माहीत नाही असं समजू नकोस.

आता ताटाबद्दल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराच्या ज्या नव्या सूचना काढल्या, त्यांत ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा दाखवला आहे. आपल्याकडे भाजी म्हणजे पोळीला लावायला चमचाभर वस्तू. हे उलटं कर: आधी भाजी आणि कोशिंबीर वाढून घ्यायची, उरलेल्या जागेत पोळी-भात. निवडायला वेळ नाही म्हणू नकोस. आम्ही कल्याणपासून दादरपर्यंत गवार मोडायचो, मटार सोलायचो, मेथी निवडायचो, आणि सालं-देठं पिशवीत भरून घरी आणायचो. तुला त्याची लाज वाटते हे मला दिसतं. मोबाइलवर मालिकेचा एक भाग बघता बघता पाव किलो गवार मोडून होते. डब्यात तुझ्याकडे कोण बघतंय?

पाण्याबद्दल बायका मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. लोकलमध्ये शौचालय नाही आणि स्टेशनवरच्या शौचालयात जाववत नाही, म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. लघवी तुंबवून ठेवायची सवय आणि कमी पाणी, दोन्ही मिळून लघवीचे संसर्ग मागे लागतात. मुंबईत बायकांनी 2011 साली 'राइट टू पी' नावाची चळवळच उभी केली, ती हौसेखातर नाही. तू एवढंच कर: ऑफिसला पोचल्यावर बाटली भरून समोर ठेव, पाच वाजेपर्यंत बहुतेक पाणी पिऊन संपव, आणि निघताना जाऊन ये. घाई असली तरी जाऊन ये. वाटेवरच्या कुठल्या स्टेशनवरचं शौचालय बरं आहे, हे तुझ्या गाडीतल्या जुन्या बायकांना विचार. त्यांना सगळं ठाऊक असतं.

चालण्याचं तर रेल्वेनेच सोपं केलंय. स्टेशनपासून घर चालत पंधरा मिनिटांवर, आणि तू शेअर रिक्षाच्या रांगेत दहा मिनिटं उभी राहतेस! फक्त सकाळी स्टेशनला जाताना पंधरा आणि येताना पंधरा मिनिटं चाललीस तरी पाच दिवसांची दीडशे मिनिटं होतात. मोठ्या माणसाने आठवड्याला निदान तेवढं तरी हलावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. चाल मात्र झपझप हवी: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये इतकी. दहा हजार पावलांचा धोशा लावू नकोस. तो आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच तो होता. आणि जिना दिसला की चढ. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली होती. 1953 साली ती छापून आली. दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कमी होता. बस तीच, वेतन देणारं खातं तेच. दोन तास गाडीत उभी राहिले, हा व्यायाम धरायचा नाही. त्याने पाय दुखतात, एवढंच.

जिमचे पैसे जानेवारीत भरून मार्चमध्ये जाणं थांबवू नकोस. तेच पैसे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना दे. ही माझी सगळ्यात ठाम सूचना आहे. बाईच्या तब्येतीवर बोलणारे सगळे तिला आणखी एक काम सांगतात. तिच्याकडचं एक काम काढून घ्या, असं कुणी म्हणत नाही. कडधान्य भिजत घालणं, डबे भरणं, ड्रॉवरसाठी फुटाणे आणणं यांतली निदान दोन कामं जावईबापूंकडे सोपव. त्यांना जमतं. दोन-तीनदा मूग भिजत घालायचे विसरतील, तेव्हा तू उठून घालू नकोस.

आणि त्यांचं काय, म्हणशील. ते हडकुळे दिसतात म्हणून तू निश्चिंत आहेस. पण शर्टाच्या तिसऱ्या-चौथ्या बटणापाशी काय चाललंय ते मला फोटोतही दिसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचं उंचीच्या प्रमाणात वजन अगदी सारखं, पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची नऊ टक्के आणि याज्ञिकांची एकवीस. आपली माणसं बारीक दिसतात, पण आतून बारीक असतातच असं नाही. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिवणाच्या डब्यातली टेप बरी. बायकांची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत, पुरुषांची 90 च्या आत. पॅन्टचा नंबर सांगतील तो ऐकू नकोस. पॅन्ट पोटाखाली घालतात. टेप लाव.

झोपेवर लांबण लावत नाही. सात तास हवेत, गाडीतली डुलकी त्यात धरायची नाही. दोघांचे फोन रात्री दहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि गजराला जुनं घड्याळ आणा.

दीक्षितांचं डाएट की दिवेकरांचं, म्हणजे दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी खायचं, यावर तुमच्या घरी वाद चालतो असं तुझी आई सांगत होती. जे वर्षभर निभेल ते करा. फक्त तुझ्या सासऱ्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना न विचारता त्यांना कुठलंही वेळापत्रक लावू नका. एखादं जेवण टळलं की साखर एकदम खाली जाऊ शकते.

शेवटचं काम एकदाच करायचं आहे, तेवढं मात्र लांबणीवर टाकू नका. 2023 साली छापून आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात देशातले मधुमेही दहा कोटींच्या वर निघाले, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे साडेतेरा कोटी. घरात सासऱ्यांना तो आहेच, आपल्याकडे माझ्या भावाला, म्हणजे तुझ्या बाबांना आहे. तुमची दोघांची तिशी उलटली. येत्या शनिवारी उपाशीपोटी जाऊन साखर, तीन महिन्यांची सरासरी, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या. दोघांनी मिळून जा. आणि रिपोर्ट आले की मला व्हॉट्सॲपवर पाठवत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव.