‘बॅरल’ची झाली ‘व्हाली’ : जगातील सर्वांत मोठ्या माशाची ओळख



कमाटीबागेतील वस्तुसंग्रहालयात तुम्ही एकदा तरी गेला असालच. तेथील निळ्या देवमाशाचा सत्तर फुटांहून लांब सांगाडा पाहून कोणाचीही मान वर जाते. हा देवमासा १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. त्या सांगाड्यापुढे उभे राहिले की कोणी ना कोणी आम्हाला विचारतेच, “जगातला सर्वांत मोठा मासा हाच ना?”

उत्तर आहे, नाही! नावात ‘मासा’ असला तरी देवमासा हा मासा नव्हे. तो आपल्यासारखाच सस्तन प्राणी आहे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि मादी पिलाला दूध पाजते. ओळखण्याची एक सोपी खूण लक्षात ठेवा. देवमाशाची शेपटी आडवी असते व वर-खाली हलते. माशाची शेपटी उभी असते व डावी-उजवीकडे हलते.

मग मासा म्हणजे काय?

पाण्यात राहतो, कल्ल्यांनी श्वास घेतो, परांच्या साहाय्याने पोहतो, तो मासा, असे आपण पुस्तकात शिकतो. हे खरेच आहे. पण निसर्गात अपवादही भरपूर आहेत.

खंबायतच्या आखाताच्या चिखलात ‘लेवटा’ नावाचा मासा मिळतो. कोकणात त्याला ‘निवटी’ म्हणतात. ओहोटीच्या वेळी तो खुशाल चिखलावर येतो आणि पुढच्या परांवर जोर देऊन उड्या मारतो. अंग ओले असेपर्यंत तो त्वचेतून आणि तोंडातील अस्तरातून हवेतला प्राणवायू घेऊ शकतो.

समुद्रघोडा हाही मासाच आहे. त्याची मादी नराच्या पोटावरील पिशवीत अंडी घालते आणि पिले बाहेर येईपर्यंत ती सांभाळण्याचे काम नर करतो.

शार्क माशांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्या अंगात हाडच नसते! आपल्या नाकाचे टोक ज्या कूर्चेचे बनलेले असते, तशाच कूर्चेचा त्यांचा सांगाडा असतो. जगातील सर्वांत मोठा मासा याच कुळातला आहे. त्याचे नाव व्हेल शार्क. आकार देवमाशासारखा म्हणून ‘व्हेल’, पण जात शार्कची. आणि आनंदाची गोष्ट अशी की तो आपल्याच गुजरातच्या किनाऱ्यावर, सौराष्ट्राच्या समुद्रात येतो.

व्हेल शार्कविषयी काही नवलाच्या गोष्टी

१. पूर्ण वाढलेला व्हेल शार्क एस.टी. बसएवढा, म्हणजे सुमारे ४० फूट लांब असू शकतो. याहून मोठ्या माशांच्याही नोंदी आहेत.

२. त्याच्या तोंडात सुमारे ३,००० दात असतात, पण प्रत्येक दात तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान! त्या दातांनी तो चावत नाही. चार फुटांपर्यंत रुंद तोंड उघडून पाणी आत घेतो आणि त्यातले सूक्ष्म जीव, अंडी व छोटे मासे गाळून खातो. माणसाला त्याचे भय नाही.

३. त्याच्या पाठीवर पांढरे ठिपके असतात. आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणे दोन माशांचे ठिपके कधी सारखे नसतात. ते जुळवून मासा ओळखण्यासाठी २००५ साली संशोधकांनी जी पद्धत वापरली, ती मुळात खगोलशास्त्रज्ञांनी आकाशाच्या छायाचित्रांतील तारे जुळवण्यासाठी तयार केली होती.

४. त्याच्या डोळ्यांवरही दातांसारखे बारीक कठीण खवले असतात. हे २०२० साली जपानमधील संशोधकांनी दाखवून दिले.

५. १९९५ साली तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे ३०० पिले आढळली. त्यावरून अंडी पोटातच उबतात आणि मादी जिवंत पिलांना जन्म देते, हे कळले. मात्र हा जन्म आजवर कोणीही प्रत्यक्ष पाहिलेला नाही.

मोठे शार्क सावकाश वाढतात, ही गोष्टही ध्यानात ठेवा. उत्तरेच्या थंड समुद्रातील ग्रीनलँड शार्कच्या डोळ्यातील भिंगाची तपासणी करून २०१६ साली एका मादीचे वय सुमारे ३९२ वर्षे असावे असा अंदाज काढण्यात आला. कमीत कमी धरले तरी २७२ वर्षे! पहिला अंदाज बरोबर असेल, तर ती शिवाजी महाराजांच्या जन्माआधीपासून पोहत होती. ही जात पिले देण्याजोगी व्हायलाच सुमारे दीडशे वर्षे लागतात. व्हेल शार्कलाही वयात यायला बरीच वर्षे लागतात. म्हणून असे मासे मारले गेले, तर ती तूट लवकर भरून येत नाही.

‘बॅरल’ कसा मारला जाई?

आपल्याकडे नेमके तेच घडत होते. वेरावळच्या बाजूचे मच्छीमार या माशाला ‘बॅरल’ म्हणत. त्याच्या अंगात आकडा रुतवून दोराला रिकामी पिपे बांधत. पिपे ओढून ओढून मासा दमला, की त्याला किनाऱ्यावर आणीत. यकृताचे तेल होडीच्या लाकडाला लावण्यासाठी वापरीत आणि पुढे मांस परदेशी जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस असे शेकडो मासे मारले गेले. माईक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने हे दृश्य लोकांपुढे आणले. मे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत व्हेल शार्कचा समावेश झाला. वाघ-सिंहांना जे संरक्षण, ते भारतात प्रथमच एका माशाला मिळाले.

पण नुसत्या कायद्याने भागत नाही. मच्छीमाराचे पोट समुद्रावर चालते, त्याला हे पटायला हवे होते. २००४ साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वन विभाग व टाटा केमिकल्स यांनी मोहीम सुरू केली. कथाकार मोरारी बापू गावोगावच्या लोकांशी बोलले. हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे, असे त्यांनी सांगितले. माहेरी आलेल्या लेकीला कोण मारील? ‘बॅरल’ हे नाव मागे पडले आणि ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, हे नाव रूढ झाले. ती येथे पिले द्यायला येते, हे शास्त्राने अजून सिद्ध केलेले नाही. पण ती उपमा मनाला भिडली.

त्यानंतर मच्छीमारांनी जाळ्यात अडकलेले शेकडो व्हेल शार्क स्वतःचे जाळे कापून सोडून दिले. जाळे म्हणजे त्यांची रोजीरोटी. वन विभाग त्याची भरपाई देतो, तरी भर समुद्रात त्या क्षणी सुरी चालवणारा हात मच्छीमाराचाच असतो. ज्यांनी शिकार केली, तेच राखणदार झाले, हे आम्हाला सर्व नवलांहून मोठे नवल वाटते. तरीही जागतिक पातळीवर २०१६ पासून ही जात ‘संकटग्रस्त’ गणली जाते. काम संपलेले नाही.

विचार करा व लिहा

१. देवमासा व व्हेल शार्क यांतील तीन फरक सांगा.
२. मच्छीमाराचे नुकसान होऊ न देता समुद्री जीव वाचवायचे असतील, तर काय करावे?
३. नाव बदलल्याने आपली दृष्टी बदलते का? घरी आई-बाबांशी व आजी-आजोबांशी चर्चा करून दहा ओळी लिहा.

पालकांनाही आमची विनंती आहे. सुट्टीत मुलांना पुन्हा एकदा कमाटीबागेत न्या आणि त्या सांगाड्यापुढे उभे राहून, हा मासा का नव्हे, हे मुलांनाच समजावून सांगू द्या.