गडावरचा काढा

डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडावर मुक्काम टाकला की पहाटे एकेका तंबूतून खोकल्याची जुगलबंदी सुरू होते. चढताना घामानं चिंब झालेला टी-शर्ट अंगावरच वाळलेला असतो, संध्याकाळी कड्यावरचा भणाणता वारा खाल्लेला असतो, झोप धड झालेली नसते. शिवाय थंडीत तहान लागत नाही म्हणून दिवसभरात जेमतेम लिटरभर पाणी पोटात गेलेलं असतं. त्यात ग्रुपमधला एखादा घरूनच शिंकत आलेला. अशा वेळी कुणाच्या सॅकमधून काढ्याची पुडी निघाली की सगळे मग घेऊन गोळा होतात. पण बऱ्याचदा काढा इतका जहाल होतो की दुसऱ्या घोटानंतर मग हळूच शेजाऱ्याकडे सरकवला जातो. डोंगरावरचा काढा नाक दाबून गिळायचा नसावा. दोन मग आवडीनं प्यावासा वाटला तरच त्याचा उपयोग, कारण निम्म्याहून जास्त काम त्यातलं गरम पाणीच करतं.

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात आणि तुळस-आल्याच्या काढ्यानं ते विषाणू मरत नाहीत. घसा शेकला जातो, चोंदलेलं नाक वाफेनं जरा मोकळं होतं, अंगात पाणी जातं, एवढं मात्र नक्की. आणि गडावर एवढं पुष्कळ आहे. 2020 साली आयुष मंत्रालयानं सुचवलेल्या काढ्याचं प्रमाणही बेताचंच होतं: तुळस चार भाग, दालचिनी आणि सुंठ दोन-दोन, काळी मिरी एक, या भरडीतली तीन ग्रॅम 150 मिलीलीटर पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. लोकांनी त्याचं काय केलं ते आपण पाहिलंच. मूठमूठ मिरी घालून दिवसभर काढे रिचवले आणि वर पित्ताच्या गोळ्या घेतल्या.

गडावर करायचा तर चौघांसाठी लिटरभर पाणी, अंगठ्याएवढं आलं, चार-पाच मिरे, दोन लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, गवती चहाच्या तीन-चार पाती, तुळशीची दहाएक पानं आणि सुपारीएवढे दोन-तीन खडे गूळ. यादी लांबवण्याचा मोह आवरा. ओवा, हळद, ज्येष्ठमध, पुदिना, वेलची सगळं एकत्र घातलं की चव कशाचीच लागत नाही. माझं मत विचाराल तर आलं, गवती चहा आणि गूळ एवढ्या तिघांवर हिवाळा निघतो.

खरी मेख आहे ती काय उकळायचं आणि काय नुसतं झाकून ठेवायचं यात. आलं, मिरी, लवंग, दालचिनी ही कडक मंडळी. त्यांचा अर्क उतरायला आच लागते. ती गार पाण्यातच टाकून पाण्याबरोबर तापू द्यायची. गवती चहा आणि तुळस यांचा सगळा जीव सुगंधी तेलात. हे तेल वाफेबरोबर उडून जातं. दहा मिनिटं खळखळून उकळलात तर आसपासच्या तंबूंना छान वास येतो आणि मगात गवताचं पाणी उरतं. म्हणून मसाला सात-आठ मिनिटं उकळला की गॅस बंद करायचा, मग पाती आणि पानं टाकायची, घट्ट झाकण ठेवायचं आणि पाच मिनिटं पातेल्याला हात लावायचा नाही. गूळही तेव्हाच. लिंबू पिळायचं असेल तर थेट मगात.

उंचीचाही थोडा फरक पडतो. दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशानं उतरतो. कळसूबाईचा माथा 1646 मीटरवर, म्हणजे तिथं पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. घरच्यापेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त द्या, किंवा आलं किसून आणि मिरी ठेचूनच न्या. पाणी टाक्यातलं असेल तर आधी फडक्यानं गाळून घ्या आणि किमान एक मिनिट खळखळून उकळू द्या. सह्याद्रीच्या उंचीला तेवढं पुरतं. काढ्याच्या निमित्तानं पाणी निर्जंतुक होतं, हा त्याचा न सांगितला जाणारा गुण. नुसतं उकळलेलं पाणी गडावर कुणी हौसेनं पीत नाही.

तयारी घरीच करावी. तुळस आणि गवती चहा सावलीत वाळवून, सुंठ-मिरी भरड कुटून एकेका पातेल्याच्या पुड्या बांधल्या की आठवडाभर आधीची सोय होते. ताजा गवती चहा न्यायचा तर ओल्या फडक्यात गुंडाळा आणि टाकताना पातींना गाठ मारा. काढताना शोधाशोध नको आणि पातीची धारदार कड जिभेवर यायला नको. गूळ न्यावा, मध नको. मधाची बाटली सॅकमध्ये एकदा पाझरली की स्लीपिंग बॅगला मुंग्यांसकट मुक्काम घडतो.

वाटेवर दिसलं म्हणून काही तोडू मात्र नका. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हा परिसर अभयारण्य आहे, तिथं पान तोडण्यालाही कायद्याची आडकाठी आहे. शिवाय रानात तुळशीसारखं दिसणारं सगळं तुळस नसतं आणि वास येणारं प्रत्येक गवत गवती चहा नसतं. दम्यावर धोतरा चालतो, असं कुणी कितीही ठामपणे सांगितलं तरी त्या झाडाला हात लावू नका. ते विष आहे. अडुळसा ओळखीचा असला तरी कडूजहर, आणि गरोदर बाईनं तर तो टाळावाच. रक्तदाबाच्या माणसानं ज्येष्ठमध सारखं-सारखं घेऊ नये. रिकाम्या पोटी मिरीचा काढा पिऊन पहाटेचा चढ चढू नये. एखादी चिक्की नाहीतर अर्धी भाकरी आधी पोटात जाऊ द्या, नाहीतर शिड्यांवर छातीत जळजळ सुरू होते आणि बाकीचे उगाच घाबरतात.

चुलीसाठी लाकडं पेटवण्यापेक्षा छोटा गॅस बरा. धुरानं लेण्यांच्या भिंती काळ्या होतात, आणि कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर धूर लागताच माश्या उठतात. मग काढा राहतो बाजूला. गॅसला वाऱ्याचा आडोसा करताना सिलिंडर चारी बाजूंनी बंद करू नका, तो तापून फुटू शकतो. थंडी कितीही असली तरी तंबूच्या आत गॅस पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एकाच मगातून सगळ्यांनी घोट-घोट घ्यायची पद्धत या मोसमात बंद ठेवा. दोस्ती तेवढ्यानं कमी होत नाही, सर्दी मात्र सगळ्या ग्रुपला लागते. चढावर प्यायला थर्मास भरायचा तर त्यात आधी गरम पाणी फिरवून ओता आणि काढा गाळूनच भरा. पानं आत राहिली तर दोन तासांत कडवट होतो.

आणि साधी सर्दी नसेल, अचानक ताप भरला असेल, अंग मोडून आलं असेल, तर काढ्याची पुडी घरीच उघडा. ताप अंगात घेऊन चढणं हा पराक्रम नव्हे. गडावर असताना ताप चढला तर उजेड आहे तोवर कुणाला तरी सोबत घेऊन खाली उतरा. श्वास अपुरा पडत असेल, छातीत दुखत असेल किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला असेल तर काढा करत बसण्यात वेळ घालवू नका. पायथ्याच्या गावातून गाडी करून थेट दवाखाना गाठा.

चोथा टाक्याच्या काठावर झटकू नका, पातेलंही टाक्यात बुडवून विसळू नका. पाणी बाहेर काढून घ्या, लांब जाऊन विसळा आणि चोथा पिशवीत बांधून खाली आणा.