खदान बंद झाल्यावर गावाचं काय होतं?

बंद खाणीचं ओसाड गाव म्हटलं की नामिबियाच्या वाळवंटातलं कोलमन्सकॉप आठवतं. 1908 मध्ये तिथे हिरा सापडला. दवाखाना, शाळा, नाचघर सगळं उभं राहिलं आणि 1956 पर्यंत गाव रिकामं झालं. आज तिथल्या घरांत वाळू शिरली आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वाळवंट नाही, पण खाणी आहेत. म्हणून सुट्टीत आम्ही चार मित्र वणी तालुक्यातल्या एका बंद भूमिगत खदानीची जागा बघायला गेलो.

आधी थोडा अभ्यास. वणीचा कोळसा वर्धा खोऱ्याच्या पट्ट्यातला, गोंडवाना काळातला. निलजई, उकणी इथे तो उघड्या खाणीतून काढतात. भूमिगत खाणीत 'बोर्ड अँड पिलर' पद्धत असते. म्हणजे गल्ल्या खोदायच्या आणि छत पेलायला कोळशाचेच खांब सोडायचे. शेवटी खांबही काढतात. मग छत कोसळू द्यायचं, नाहीतर पोकळीत पाण्याबरोबर वाळू सोडून ती भरायची. भरली नाही तर वरची जमीन खचू शकते. पंप थांबले की गल्ल्यांत पाणी साचतं.

प्रत्यक्षात काय दिसलं? इन्क्लाईनचं तोंड विटांनी बुजवलेलं. बत्तीघराला दार नाही. हॉलेजचा नुसता काँक्रीटचा पाया, त्यावर बाभळी. पण क्वार्टरच्या ओळीत दोरीवर कपडे वाळत होते! कोलमन्सकॉपची माणसं निघून गेली; इथली राहिली आहेत. एक निवृत्त कामगार काका म्हणाले, "खदान बंद झाली बाबू, पोट थोडी बंद होते!" त्यांचा मुलगा रोज दुसरीकडे मजुरीला जातो.

नदीपलीकडच्या वरोऱ्याचं उदाहरण बघा. तिथली सरकारी कोळसा खाण 1906 मध्ये बंद झाली, पण वरोरा ओस पडलं नाही. गावाला रेल्वे होती, कापसाचा बाजार होता. म्हणजे गाव जगतं ते दुसऱ्या धंद्यावर, आणि तो खाण चालू असतानाच उभा करावा लागतो.

कोळसा मंत्रालयाने 2009 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार खाण बंद करण्याचा आराखडा आधीच करायचा आणि त्याचा पैसा दरवर्षी एस्क्रो खात्यात भरायचा. कल्पना चांगली आहे. पण जमीन सपाट करणं, झाडं लावणं, तोंड बुजवणं याचा हिशेब सोपा. काकांच्या मुलाच्या रोजगाराचा अवघड.

मित्रांनो, आपण परीक्षेत खांबाची ताकद काढतो, मार्क मिळतात. पुढच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला मॅनेजरसाहेबांना आणखी दोन प्रश्न नक्की विचारा: ही खाण किती वर्षं चालणार? आणि त्यानंतर इथली माणसं काय करणार? उत्तर वहीत लिहून घ्या. उद्या त्याच खुर्चीत आपल्यापैकी कोणीतरी बसणार आहे.